तपासणी नको म्हणणाऱ्यांना

एकानं लिहिलंय, की बिंदुनामावलीची, म्हणजे सरकारी नोकरीतलं कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला राखीव हे दाखवणाऱ्या रोस्टरची तपासणी, प्रवर्गनिहाय विवरणपत्रं हा सगळा सरकारी पैशाचा चुराडा आहे, बंद करा. मी कोल्हापुरात आस्थापना शाखेत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रोस्टर रजिस्टरवर मान मोडून. खर्च आहे, नाकारत नाही. एकदा एका बिंदूसमोर (रजिस्टरातल्या एका पदाच्या क्रमांकासमोर) जात वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक राहिला म्हणून रजिस्टर पिशवीत घालून वरच्या कार्यालयात तीन हेलपाटे मारले. पहाटेची एसटी, दारात ताटकळणं, साहेब मीटिंगला. तोवर भरतीची जाहिरात अडकलेली. शेवटी लाल शाईत एक ओळ मिळाली. (ती फोनवरही सांगता आली असती.)

पण असा हिशेब मागणं काय आजचं नव्हे. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा हुकूम सगळ्यांना मागासवर्गीयांच्या पन्नास टक्के राखीव जागांसाठी आठवतो. त्यातच पुढं आहे: त्यानंतर झालेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दरबारला पाठवायचं. कागद मागितला नाही तर हुकूम दप्तरात पडून राहतो, हे महाराज ओळखून होते.

माझ्या मते पैसा मोजण्यात जात नाही, तीच माहिती चार नमुन्यांत चारदा भरण्यात जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या सभरवाल निकालापासून रोस्टर रिकाम्या होणाऱ्या जागांवर नव्हे, पदांवर चालतं. माणूस निवृत्त झाला की जागा साधारण त्याच प्रवर्गाकडं जाते. एवढा हिशेब संगणकाला जड नाही. पगाराच्या सेवार्थ प्रणालीत प्रत्येकाची नोंद असतेच की, रोस्टर तिथंच जोडा आणि ते रजिस्टर एकदाचं कपाटात ठेवा.