प्रदर्शनात विकायच्या फ्रेम्स स्टॉक एजन्सीला द्याव्यात का?

सातारी_लेन्स
नमस्कार मंडळी. कास पठार आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या यांचं कृष्णधवल, लाँग एक्स्पोजरचं (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेलं) काम तयार आहे. निवडक फ्रेम्सची प्रत्येकी १० प्रिंटची मर्यादित आवृत्ती (क्रमांक घातलेली, त्यापुढे न छापायची) काढायची आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. याच फ्रेम्स शटरस्टॉक किंवा अडोबी स्टॉक अशा, फोटोंचे परवाने ऑनलाइन विकणाऱ्या स्टॉक एजन्सींवरही टाकाव्यात का? प्रिंट विकली जाईपर्यंत फाइल हार्ड डिस्कवर नुसती पडून असते. लहान फाइल टाकली तर दोन्ही साधेल का?

कृष्णाकाठ, सांगली
आवृत्तीतली फ्रेम रॉयल्टी-फ्री स्टॉकवर अजिबात टाकू नका. खरी अडचण परवान्याची आहे. गिऱ्हाईक एकदाच पैसे भरतं आणि फोटो मुदतीशिवाय, हवा तितक्या वेळा वापरतं. तुम्ही उद्या फोटो काढून टाकलात तरी ज्याने आधी उतरवून घेतला त्याचा परवाना चालूच राहतो. त्यात वरचा महाग परवाना घेतला (शटरस्टॉकवर एन्हान्स्ड, अडोबीवर एक्स्टेंडेड) की पोस्टर, कॅलेंडर, कॅनव्हास छापून विकायचीही मुभा मिळते. म्हणजे तुम्ही प्रमाणपत्रावर ३/१० लिहून सही करणार आणि तीच पवनचक्की कुठल्यातरी सजावटीच्या दुकानात टांगलेली असणार. प्रिंट घेणाऱ्याशी हे प्रामाणिक नाही.

लहान फाइलनेही काही वाचत नाही. दोन्हीकडे किमान ४ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे साधारण २४५० बाय १६३० पिक्सेल. २०० पीपीआयला (इंचाला २०० पिक्सेल) त्यातून १२ बाय ८ इंचाची चांगली प्रिंट निघते.

पैशाचंही बघा. शटरस्टॉकवर जून २०२० पासून वर्षातल्या पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के मिळतात, २५,००० च्या पुढे ४० टक्के, आणि १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. वर्गणीवाल्या गिऱ्हाइकाच्या डाउनलोडला किमान १० सेंट. अडोबी फोटोला ३३ टक्के देतं. समजा एका प्रिंटमागे खर्च आणि गॅलरीचं कमिशन जाऊन ४,००० रुपये उरले, तर १० सेंटच्या दराने तेवढे मिळवायला साडेचारशेच्या आसपास डाउनलोड लागतील.

मिरजेचा_फोटोवाला
वरचं पटलं, पण म्हणून स्टॉकला नावं ठेवू नका. स्टॉकसाठी वेगळं काम करा. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा, तासगावकडची बेदाण्याची शेड, ऊसतोड, द्राक्षांचं पॅकिंग: पाठ्यपुस्तकं, कृषी मासिकं, मसाल्याच्या कंपन्या यांना हेच लागतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा कीवर्डमध्ये नुसतं 'मसाले' न लिहिता गावाचं नाव टाकाच.

यार्डात फोटो कुठे अडकतो ते सांगतो. हळदीची रास सुंदर येते, पण मागच्या पोत्यांवर अडत्याचं नाव आणि शिक्का छापलेला असतो. तो दिसला की व्यावसायिक वापरासाठी फोटो नापास. पोती फिरवून ठेवायला सांगा किंवा खाली बसून राशीच्या उंचीवरून घ्या, म्हणजे मागचं झाकलं जातं. हमालाचा चेहरा ओळखू येत असेल तर एजन्सीच्या नमुन्यातलं सही केलेलं संमतीपत्र हवं; शटरस्टॉकच्या नमुन्यात साक्षीदाराचीही सही लागते. लहान मूल असेल तर आईवडिलांची. कागद नसेल तर शटरस्टॉकवर 'एडिटोरियल' (बातमी-लेखांपुरता) म्हणून द्या, मग शिक्के आणि चेहरे चालतात, पण जाहिरातीला विकला जात नाही. पालीच्या खंडोबाच्या यात्रेसारखी गर्दी तिथेच जाईल. भंडाऱ्याच्या धुरळ्यात शंभर चेहऱ्यांच्या सह्या कोण घेणार!

कासचे फुलांचे क्लोजअप मात्र जरूर द्या. सोनकी असेल तर सेनेसिओ, सीतेची आसवं असतील तर युट्रिक्युलॅरिया, अशी शास्त्रीय नावं तपासून घाला. पुस्तकांचे संपादक त्याच नावाने शोधतात, नाव चुकलं तर तुमचा फोटो त्यांना दिसणारच नाही. आणि कृपा करून पायवाट सोडून फुलांत बसू नका, एका फ्रेमसाठी वीतभर सडा तुडवला जातो.

वाईचा_प्रिंटर
दोन्हीसाठी एकच फाइल वापरणार असाल तर थांबा. स्टॉकला एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा रंगसंच), ८ बिट जेपेग लागते आणि तपासणारे नॉइज (दाणेदारपणा) बघतात, म्हणून लोक फोटो गुळगुळीत करतात. तीच फाइल कॉटन कागदावर छापली की कातळाचा पोत मेलेला दिसतो. मूळ १६ बिट टिफ (जास्त तपशील राखणारी फाइल) जपून ठेवा, स्टॉकचा एक्स्पोर्ट वेगळा काढा. ६००० बाय ४००० पिक्सेलमधून ३०० पीपीआयला २० बाय १३ इंच मिळतात, २४० ला २५ बाय १६. त्यापुढे ताणू नका.

चाळकेवाडीला १० स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा काळा फिल्टर) लावून दोन-तीन मिनिटांचं एक्स्पोजर दिलं की सेन्सर तापून हॉट पिक्सेल (भलतेच चमकणारे ठिपके) येतात, आणि अ‍ॅपर्चर एफ/१६ वर, म्हणजे अगदी लहान, असेल तर धुळीचे डागही उमटतात. स्क्रीनवर फिट करून बघितलं तर दिसत नाहीत. १०० टक्क्यांवर आभाळ डावीकडून उजवीकडे ओळीने तपासा.

आवृत्तीत सगळे आकार मिळून १० असं सुरुवातीलाच लिहून टाका. नंतर 'हा मोठा साइज वेगळा' म्हणणं बरं दिसत नाही.

सातारी_लेन्स
आभारी आहे. एखादी फ्रेम आधीच स्टॉकवर असेल तर? आणि मासिकाने थेट मागितली तर?

कृष्णाकाठ, सांगली
खात्यात त्या फोटोचे डाउनलोड बघा. शून्य असतील तर काढून टाका, भागीदार साइट्सवरून उतरायला वेळ लागतो तो जाऊ द्या, मग आवृत्तीत घ्या. एक जरी डाउनलोड असेल तरी ती फ्रेम आवृत्तीत नको. क्रमांक न घालता, कमी किमतीत, स्टॉकवर होती हे सांगून विका. अडोबीने फायरफ्लाय हे एआय मॉडेल अडोबी स्टॉकवरच्या फोटोंवर शिकवलंय, हेही टाकण्याआधी लक्षात घ्या.

थेट मागणी आली तर आनंदाने द्या, पण लेखी. कुठल्या अंकात, किती आकारात, किती प्रती, छापील की वेबवरही, हे सगळं ईमेलमध्ये असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. एका अंकासाठी दिलेला फोटो ५ वर्षं अडकायला नको. एजन्सीतूनच जायचं तर अलामी या स्टॉक एजन्सीवर राइट्स-मॅनेज्डचा पर्याय आहे, त्यात प्रत्येक वापराचा परवाना वेगळा निघतो.

स्टॉकचं खातं उघडताना डब्ल्यू-८बेन हा अमेरिकन कराचा फॉर्म आधी भरा, पॅन घालून. नाहीतर अमेरिकन गिऱ्हाइकांकडून आलेल्या रॉयल्टीवर ३० टक्के कापतात. भारत-अमेरिका करकरारानुसार भारतीयांना १५ टक्केच लागू आहे.