मदत हवी आहे: कयाकमधून (वल्ह्यानं चालवायच्या अरुंद छोट्या होडीतून) नदीतला कचरा कसा काढता?

मंडळी, येत्या रविवारी कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीपासून पंचगंगा घाटापर्यंत कयाकने जात जात कचरा गोळा करायचं ठरलंय, आम्ही सहा जण, त्यातले दोघं पहिल्यांदाच वल्हं धरणार. मागच्या वेळी केंदाळात (जलपर्णीत) अडकलेली निर्माल्याची पिशवी ओढायला मी वाकलो आणि कयाकच पलटी, लाइफ जॅकेट होतं म्हणून बरं, पण चष्मा गेला तो गेलाच. तर लांब दांड्याची जाळी बरी का आकडा? भरलेली पोती कयाकवरच ठेवायची की मागं ट्यूब बांधून ओढायची? आणि पायाला जखम असली की लेप्टोची (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची) भीती, गमबूट घालावेत तर पाण्यात पडल्यावर भरून जड होतात, मग घालायचं काय? कुणी केलं असेल तर सांगा राव.