मुलाला घरीच शिकवावं का? गोव्यात कुणी केलंय?

फोंड्याची आई
मुलगा दुसरीत आहे. रोज सकाळी उठवताना रडारड. गोष्टीची पुस्तकं तासन् तास वाचतो, पण शाळेतून आला की दप्तर टाकून गप्प बसतो. घरीच शिकवावं असं वाटतं. सासूबाईंचा एकच प्रश्न, ‘मग दहावीचं काय?’ मुलाला आणि आपल्याला खरंच फायदा होतो का?

चोडणकरीण
ताई, आमची मुलगी चौथीनंतर घरीच शिकली. आता चौदाची आहे.

आमच्या घरामागे खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली शेतजमीन आहे. तिथल्या मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या वाटेचं, दार आपोआप कसं लागतं, असं तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही, दोघी जाऊन बांधावर उभ्या राहिलो. भरतीला नदीचं पाणी दार ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं. मग ती भरतीची वेळ वहीत लिहायला लागली. आठवड्याभराने म्हणाली, “आई, भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते गो!” चंद्राचं फिरणं आम्ही त्या वहीवरून शिकलो. भरती कधी पहाटे, कधी भर दुपारी. शाळेच्या वेळात हे जमलंच नसतं. सरासरीचं गणित पुस्तकात बघून ती रडायची. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आला तेव्हा माडागणिक नारळ मोजले आणि तिला ते कळलं.

माझा फायदा? पूर्वी मला फक्त तिचे गुण कळायचे. आता ती नेमकी कुठे अडते ते दिसतं. त्यासाठी नोकरी अर्धवेळ केली, पगार निम्मा झाला. त्याची तयारी ठेवा.

निवृत्त मास्तर
अभ्यास होईल हो. पण मुलांत भांडणं, रुसवे, पुन्हा गट्टी, हे घरी कुठून आणणार?

चोडणकरीण
मास्तर, बरोबर बोललात. पहिलं वर्ष ती एकटी पडली होती, मला फार लागलं ते. मग संध्याकाळी देवळातल्या भजनाच्या वर्गाला घातली. तिथे लहानमोठी सगळी असतात. भांडणंही पुष्कळ होतात.

ताई, दहावीचं सासूबाईंना असं सांगा: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, परीक्षा आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत, किमान ५ विषय. मराठी माध्यमही आहे. नोंदणी ५ वर्षं चालते आणि परीक्षेच्या ९ संधी मिळतात, म्हणून सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आमची पहिल्या खेपेला दोनच देणार आहे.

फोंड्याची आई
सुरुवात कुठून करू?

चोडणकरीण
पहिला महिना वेळापत्रक लावू नका. तो काय वाचतो, कशापाशी रेंगाळतो, एवढंच बघा. आणि एका रविवारी त्याला घेऊन आमच्या चोडण बेटावर या, रायबंदरहून फेरीबोट आहे. अमावास्येच्या आसपास आलात तर भरती मोठी असते, मानस नीट बघता येईल.