क्लोरीनचा वास आणि शुद्ध पाणी
एकांनी लिहिलंय की क्लोरीनचा वास आला की पोहण्याच्या तलावाचं पाणी बिनधोक. तसं समजू नका. डोळ्यांत झोंबणारा तो वास बहुधा घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. जिआर्डिया हा जुलाबाचा परजीवी क्लोरीनमध्ये पाऊण तासात मरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचाच दुसरा परजीवी जाड कवचामुळे त्याच पाण्यात ७ दिवसांहून जास्त तग धरतो. जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे वाळूच्या फिल्टरमधूनही निसटतो. म्हणून पालकांना कळकळीनं सांगते, मुलाचे जुलाब थांबल्यावरही २ आठवडे त्याला पाण्यात सोडू नका. माझी लेक तलावाचं पाणी तोंडात भरून पिचकाऱ्या मारायची, ते पहिल्यांदा बंद केलं.