मदत हवी आहे: भाऊ जहाजावर आहे, राक्षसी लाटांचा धोका खरंच किती?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. चुलते फौजेत होते, त्यामुळे सीमेवरच्या माणसाची वाट बघायची सवय घराला आहे, समुद्रावरच्या माणसाची नाही. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, मर्चंट नेव्हीत डेक कॅडेट, पहिलीच सफर. त्याचं बल्क कॅरिअर ब्राझीलमधून सोयाबीन भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनला निघालंय.

गेल्या आठवड्यात आईला कुणीतरी राक्षसी लाटेचा व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून ती रात्री दोन-तीनदा उठून त्याचं ‘लास्ट सीन’ बघते. त्याला विचारलं तर म्हणतो, "ताई, लाटा असायच्याच. तूच आईला समजाव ना." म्हणून स्वतः वाचायला बसले आणि माझीच झोप उडाली.

१ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रात नॉर्वेच्या ड्राउप्नर या समुद्रात उभारलेल्या वायूच्या प्लॅटफॉर्मवर २५.६ मीटरची लाट मोजली गेली. म्हणजे ८४ फूट! तोवर खलाशी असल्या लाटांबद्दल सांगायचे, पण शास्त्रज्ञांचा त्यावर फारसा विश्वास नसायचा. मी २०१९ चा पूर पाहिलाय. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पण ते चढताना दिसत होतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. माळ्यावर गहू चढवायला तरी वेळ मिळाला. ही लाट सांगून येत नाही म्हणे, आणि तेच मला सोसत नाहीये.

डिसेंबर १९७८ मध्ये ‘म्युन्शेन’ हे जर्मन जहाज अटलांटिकमध्ये २८ माणसांसह नाहीसं झालं. त्याची एक लाइफबोट सापडली. ती पाण्यापासून सुमारे २० मीटर उंचावर टांगलेली असायची, तरी तिच्या लोखंडी पिना वाकलेल्या होत्या. हे आईला वाचून दाखवलेलं नाही.

लाट येणार हे कॅप्टनला आधी कळतं का? केपजवळ धोका जास्त का असतो? आणि भावाला मी नेमकं काय विचारू, म्हणजे तो उडवून लावणार नाही? "घाबरू नका" एवढंच उत्तर कृपया देऊ नका.

प्रतिसाद १

ताई, मी कराडचा. बरीच वर्षं बल्क कॅरिअरवर चीफ ऑफिसर होतो.

आधी व्याख्या बघा. त्या वेळच्या समुद्रातल्या सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढतात. तिच्या दुपटीहून उंच ती राक्षसी लाट. म्हणजे ही सरासरी ३ मीटर असेल (आम्ही म्हणतो, समुद्र ३ मीटरचा) तर ७ मीटरची लाटही त्यातच मोडते, आणि मोठं जहाज ती सहज अंगावर घेतं. ड्राउप्नरला समुद्र मुळातच १२ मीटरचा होता. एकटी लाट कधी उठेल हे सांगता येत नाही, पण समुद्र कुठे खवळणार ते आधी कळतं. कॅप्टन तो भागच टाळतो. टाळता आला नाही तर वेग उतरवून लाटा नाकावर घेतो, जहाज आडवं पडू देत नाही.

केपचं म्हणाल, तर अगुल्हास प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याने नैऋत्येकडे वाहतो आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा नेमक्या समोरून त्याच्यावर येतात. प्रवाहाने अडवलेली लाट आखूड होते, उभी राहते, तिच्यापुढचा खड्डा खोल होतो. पूर्वेला जाणारी जहाजं तो उलटा प्रवाह तशीही चुकवतात, इंधन जळतं म्हणून.

बल्क कॅरिअरचं, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजाचं, नाजूक अंग म्हणजे हॅचकव्हर, मालाच्या खणांवरची झाकणं. १९८० मध्ये ‘डर्बीशायर’ हे ब्रिटिश जहाज जपानजवळच्या वादळात ४४ जणांसह बुडालं. तपासात निघालं, की आधी पुढच्या डेकवरच्या तुटलेल्या व्हेंटिलेटरांतून, म्हणजे हवा खेळवायच्या नळ्यांतून, पाणी आत गेलं, नाक जड होऊन खाली बसलं, मग पहिलं हॅचकव्हर फुटलं. त्यानंतर नियम कडक झाले. भावाला विचारा, व्हेंटिलेटर बंद करताना तू होतास का? हॅचचे क्लीट, म्हणजे झाकण घट्ट आवळणाऱ्या पकडी, कोण तपासतं?

मी पाहिलेले अपघात जहाज बुडून झालेले नाहीत. खराब हवेत डेकवर गेलेल्या माणसाला पाण्याने फेकलं, असे झालेत. कॅप्टनच्या परवानगीशिवाय डेकवर जायचं नाही, एकट्याने तर नाहीच. एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. रात्री फोन लागला. हॅचचं विचारल्यावर पोरगं एकदम खुललं. रबराची पट्टी सगळीकडे टेकते का हे खडू लावून कसं बघतात, मग होजने पाणी मारून गळती कशी शोधतात, पंधरा मिनिटं सांगत होता. आई शेजारीच होती. डेकवर एकटं न जाण्याचं तिने स्वतः दोनदा वदवून घेतलं.

एकच राहिलं. वादळात नेट जातं का? लास्ट सीन पुढे सरकलं नाही की तिचा जीव खालीवर होतो.

प्रतिसाद २

जातं. जहाजाने दिशा बदलली आणि मस्तूल किंवा चिमणी अँटेनाच्या आड आली, तरी जातं. आईंना हे आजच सांगून ठेवा. आणि कंपनीच्या ऑफिसचा चोवीस तास चालू असणारा नंबर भावाकडून घेऊन त्यांच्या फोनमध्ये टाका.