एमपीएससी गट ब पूर्व परीक्षा: वाचताना सगळं येतं, मॉकमध्ये (सराव पेपरात) मात्र गोंधळ. नक्की कसं वाचायचं?

अभ्यासिकेतला_कोपरा:
नमस्कार मंडळी, एमपीएससी गट ब ची पूर्व देतेय. सकाळपासून अभ्यासिकेत असते, पॉलिटीचं (राज्यघटनेचं) पुस्तक परत परत वाचून पानं हायलाइटरनं पिवळीधमक झालीयेत. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि मॉकला बसलं की चारपैकी दोन पर्याय बरोबर वाटायला लागतात, मार्क चाळिशीच्या पुढे सरकत नाहीत, त्यात चुकलेल्या उत्तरांचे मार्क कापले जाऊन निगेटिव्हनं वाट लागते ती वेगळीच. घरचे म्हणतात अजून तास वाढव. कुठून वाढवू? टाइमटेबल प्लीज कोणी देऊ नका, भिंतीवर ऑलरेडी दोन लावलेत.

लालपरी:
तास वाढवून काही होणार नाही ताई. पिवळं केलेलं परत वाचलं की ओळखीचं वाटणारच की. धडा झाला की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. आता ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती बघ, कुठली पंचायतींची आणि कुठली नगरपालिकांची हे झोपेत विचारलं तरी सांगशील. पण अकराव्या अनुसूचीत विषय २९ आणि बाराव्यात १८, एक दुरुस्ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला आणि दुसरी १ जून १९९३ ला, हे न बघता लिहून दाखव. पेन जिथे अडतं ना, नेमकं तिथेच आयोग पर्यायांची अदलाबदल करतो. तेवढंच लाल पेननं दुरुस्त कर आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधी परत कोऱ्या कागदावर लिही. पहिले काही दिवस जाम वैताग येतो, अर्धा कागद रिकामाच राहतो, राहू दे.

बीएड_करून_बसलोय:
लालपरीला +१. यावर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. मुलांना उतारे दिले, काहींनी तेच परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून तर वाचल्या वाचल्या आपल्याला कॉन्फिडन्स येतो आणि पेपरला तो गायब असतो.

दापोलीकर:
कोरा कागद वगैरे पॉलिटी, इतिहासाला ठीक आहे हो, अंकगणित बुद्धिमत्तेचं काय? अख्ख्या पेपरला १०० प्रश्न आणि ६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यातच उत्तरपत्रिकेतले गोळे पण रंगवायचे. तिथे घड्याळ लावून रोज थोडी गणितं सोडवण्याला पर्याय नाही. आणि चार चुकले की एक मार्क जातो, त्यामुळे मॉकमध्ये डाउट असलेल्या प्रश्नापुढे टिंब करत जा. नंतर टिंबवाले वेगळे मोजायचे, तुझे तुक्के लागतात का डुबवतात ते कळेल. बहुतेकांना हे माहीतच नसतं आणि सल्ले मात्र जोरात, "सगळे अटेम्प्ट कर" म्हणे!

अभ्यासिकेतला_कोपरा:
टिंबाचं भारी आहे, आजच करते. पण लालपरी, रोज कोरा कागद केला तर सिलॅबस कधी संपणार? भूगोल तर अजून उघडलापण नाहीये 😭

लालपरी:
अगं सगळ्याच धड्यांचं रोज नाही करायचं. दुसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्यानं, मग महिन्याभरानं, आणि जे दोनदा बिनचूक आलं ते बाजूला. भूगोलाला तर लिहूच नको, महाराष्ट्राचा कोरा नकाशा घे, गोदावरी, भीमा, कृष्णा काढ आणि कुठली उपनदी कुठून येऊन मिळते ते भर. त्याआधी आयोगाच्या साइटवरून जुने पेपर आणि उत्तरतालिका उतरवून घे, कुठल्या धड्यावर किती विचारतात ते बघूनच भूगोल उघड.

दापोलीकर:
आणि उत्तरतालिका अंतिमच घे, पहिलीतली उत्तरं नंतर बदलतात.