क्लाउस बार्बीला देहदंडाऐवजी जन्मठेप का झाली?

कातरवेळ:
फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या गेस्टापोतल्या (नाझींच्या गुप्त पोलिसांतल्या) क्लाउस बार्बीबद्दल वाचतेय. फ्रान्सने १९५२ आणि १९५४ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दोनदा देहदंड सुनावला होता. मग १९८७ मध्ये जन्मठेपच कशी? आणि फ्रेंच प्रतिकार चळवळीचे नेते झाँ मुलाँ यांच्या छळाचा हिशेब कुठे गेला?

पानगळ:
फ्रान्सने १९८१ मध्येच देहदंड रद्द केला. ते विधेयक आणणारे न्यायमंत्री रोबेर बादँतेर. त्यांचे वडील फेब्रुवारी १९४३ मध्ये बार्बीच्या माणसांनी लियाँत घातलेल्या धाडीत पकडले गेले आणि सोबिबोरच्या छावणीत मारले गेले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

रोनकाठ:
कातरवेळ, मी लियाँतच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तेव्हाच्या फ्रेंच कायद्यात वीस वर्षांत अंमलात न आलेली शिक्षा बाद व्हायची. बार्बी बोलिव्हियात 'आल्टमान' नावाने धंदा करत राहिला आणि दोन्ही शिक्षांची मुदत टळली. मुलाँचं प्रकरण त्यामुळे खटल्यात आलंच नाही. उरले मानवतेविरुद्धचे गुन्हे. त्यांना मुदतीची मर्यादा नाही, हे फ्रान्सने १९६४ मध्ये कायद्यानेच ठरवलं होतं.

त्यातला मोठा पुरावा म्हणजे एक टेलेक्स, म्हणजे तारयंत्राने पाठवलेला संदेश. ६ एप्रिल १९४४ ला इझ्यू या गावातल्या बालगृहातून ४४ ज्यू मुलं उचलली. त्याच दिवशी बार्बीच्या नावाने पॅरिसला कळवलं गेलं: बालगृह रिकामं केलं, ३ ते १३ वर्षांची ४१ मुलं पकडली (आकडा संदेशातला), रोकड वा मौल्यवान वस्तू हाती लागल्या नाहीत. इवलीशी लेकरं धरून नेली आणि वर पैसे न सापडल्याची नोंद! एकही मूल परत आलं नाही. त्यांचा वर्ग तिथे बाकांसकट जपलाय. मला आत फार वेळ थांबवलं नाही.

कातरवेळ:
वाचूनच गलबलून आलं. पण बोलिव्हियाने त्याला दिला कसा?

रोनकाठ:
त्या मुलांच्या आयांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. १९७१ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या सरकारी वकिलांनी बार्बीची चौकशी गुंडाळली, तेव्हा नाझी गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या बेआटे क्लार्सफेल्ड फोर्ट्युने बेंगीगींना घेऊन तिथे धडकल्या. बेंगीगींची तीन मुलं इझ्यूहून नेलेली. ही माउली पाटी धरून दारातच उपोषणाला बसली आणि चौकशी पुन्हा उघडली. पुढच्या वर्षी इता हालाउनब्रेनर, ज्यांच्या दोन मुली इझ्यूच्याच बालगृहात होत्या, बेआटेंबरोबर थेट बोलिव्हियातल्या ला पाझला गेल्या. तिथे भर रस्त्यात दोघींनी स्वतःला बाकाला साखळीने बांधून घेतलं. तरी हुकूमशाही असेपर्यंत तो सुरक्षितच राहिला. १९८२ मध्ये लोकशाही सरकार आलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याची हकालपट्टी झाली. १९५१ मध्ये त्याला तिकडे पोचवलं होतं अमेरिकी लष्कराच्या गुप्तचरांनी. त्याबद्दल अमेरिकेने १९८३ मध्ये फ्रान्सची माफी मागितली. चीड येते ती याचीच.

पूर्ण खटल्याचं चित्रीकरण झालंय. बालगृहाच्या संचालिका साबिन झ्लातिन यांची साक्ष मिळाली तर जरूर ऐका.